वाचकांचे प्रश्न : एस्टोनियाचे आर्नोल्ड र्‍यूतेल

बाल्टिक देशांच्या स्वातंत्र्यावरील लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच व्यक्तीविषयी आहेत. त्या लेखात आर्नोल्ड र्‍यूतेल यांचा उल्लेख दोनदा आला होता. पहिल्यांदा सोव्हिएत एस्टोनियाचे पदाधिकारी म्हणून आणि दुसऱ्यांदा स्वतंत्र एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून. हे दोघे एकच की नामसाधर्म्य, अशी शंकाही एकाने विचारली आहे. ते एकच. निवडक प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : र्‍यूतेल मूळचे कोण? ते व्यवसायाने राजकारणीच होते का?

नाही. ते शेतीतज्ज्ञ होते आणि वयाच्या जवळजवळ पन्नाशीपर्यंत त्यांचे सारे आयुष्य शेती, पशुपालन आणि कृषिशिक्षण यांतच गेले. १० मे १९२८ रोजी सारेमा बेटावर त्यांचा जन्म झाला. सारेमा हे एस्टोनियाचे सर्वांत मोठे बेट. सोव्हिएत काळात तो सीमाभाग मानला जाई आणि मुख्य भूमीवरच्या एस्टोनियन माणसालाही तिथे जाण्यासाठी परवाना काढावा लागे. १९४९ मध्ये येनेदा येथील कृषी विद्यालयातून शिक्षण पूर्ण करून ते बेटावर कृषी अधिकारी म्हणून रुजू झाले.

हे साल नीट लक्षात घेतले पाहिजे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात सोव्हिएत सत्तेने एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसांना, त्यांतही बहुतांशी स्त्रिया आणि मुले, गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे रवाना केले. त्या धास्तीने उरलेल्या शेतकऱ्यांनी आपली खासगी शेती सोडून काही आठवड्यांतच सामूहिक शेतीसंस्थांमध्ये नावे नोंदवली. एकविशीच्या या तरुणाची नोकरी सुरू झाली ती अशा मोडलेल्या गावगाड्यात. ग्रामीण एस्टोनियाविषयी त्यांना आयुष्यभर जी ओढ राहिली, ती केवळ मतांसाठी होती असे म्हणणाऱ्यांनी हा काळ विचारात घ्यायला हवा, असे आम्हांला वाटते.

पुढे सोव्हिएत सैन्यातील सक्तीची सेवा, तार्तू येथे अध्यापन, पशुसंवर्धन संशोधन संस्थेच्या प्रायोगिक शेतीची जबाबदारी, मग तार्तूच्या आदर्श सरकारी शेतीचे संचालकपद अशी वाटचाल झाली. १९६४ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. १९६९ ते १९७७ या काळात ते एस्टोनियन कृषी अकादमीचे कुलगुरू होते. १९७७ नंतर ते पक्षाच्या केंद्रीय समितीत आणि मग मंत्रिमंडळात गेले, आणि १९८३ मध्ये एस्टोनियन सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाच्या, अध्यक्षमंडळाचे प्रमुख झाले.

प्रश्न : हे शेवटचे पद म्हणजे राज्याचे प्रमुखपदच ना? मग १९८३ पासून एस्टोनियाची सत्ता त्यांच्याच हाती होती असे म्हणावे का?

तसे म्हणता येणार नाही. सोव्हिएत व्यवस्थेत कागदावरचा प्रमुख आणि खरा प्रमुख हे नेहमी वेगळे असत. खरी सत्ता पक्षाच्या पहिल्या सचिवाकडे असे. जून १९८८ पर्यंत हे पद कार्ल वाइनो यांच्याकडे होते. ते रशियात वाढलेले, एस्टोनियन भाषेत अवघडणारे आणि मॉस्कोचा शब्द खाली पडू न देणारे गृहस्थ होते. अध्यक्षमंडळाच्या प्रमुखाने अध्यादेशांवर सह्या कराव्यात, सन्मानपदके वाटावीत, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करावे, एवढीच अपेक्षा असे. त्या खुर्चीचे सर्व कायदेशीर अधिकार लिहून ठेवलेले होते, पण ते कोणी वापरीत नव्हते.

आमच्या मते र्‍यूतेल यांच्या कारकिर्दीचे मर्म इथेच आहे. ते वक्ते नव्हते, विचारवंत नव्हते, तुरुंगात गेलेले बंडखोरही नव्हते. मात्र मॉस्कोनेच निर्माण केलेल्या या शोभेच्या पदाचे आणि सभागृहाचे कागदावरचे अधिकार जेव्हा खऱ्या अर्थाने वापरण्याची वेळ आली, तेव्हा ते वापरण्यास ते कचरले नाहीत.

प्रश्न : १९८८ च्या सार्वभौमत्वाच्या घोषणेत नेमके काय होते? त्यावरून मॉस्कोत काय घडले?

१९८८ च्या उन्हाळ्यात राजधानी टालिनच्या गायन मैदानावर लाखोंच्या संख्येने लोक जमून बंदी असलेली देशभक्तिपर गीते गात होते. एप्रिलमध्ये एडगर साविसार यांनी दूरचित्रवाणीवरील चर्चेत मांडलेल्या कल्पनेतून लोकआघाडी उभी राहिली होती, आणि जूनमध्ये कार्ल वाइनो यांच्या जागी वाइनो व्याल्यास हे एस्टोनियन मनाचे पहिले सचिव आले होते. त्याच शरद ऋतूत गोर्बाचोव्ह यांनी सोव्हिएत संघाच्या घटनेत असे बदल सुचवले की ज्यांमुळे प्रजासत्ताकांचा उरलासुरला अधिकारही मॉस्कोकडे गेला असता. सुधारणावादी म्हणून जगभर नावाजल्या गेलेल्या नेत्याकडून हे पाऊल उचलले जात आहे, याचा एस्टोनियात मोठा संताप झाला आणि विरोधासाठी लाखो सह्या गोळा झाल्या.

१६ नोव्हेंबर १९८८ रोजी सर्वोच्च सोव्हिएतने सार्वभौमत्वाची घोषणा संमत केली. तिचा गाभा असा की यापुढे एस्टोनियाच्या भूमीवर एस्टोनियाचे कायदे श्रेष्ठ राहतील आणि सोव्हिएत संघाने केलेले कायदे एस्टोनियाच्या सर्वोच्च संस्थेच्या संमतीवाचून इथे लागू होणार नाहीत. लक्षात घ्या, ही मंडळी निवडणुकीत स्पर्धा होऊन निवडून आलेली नव्हती. पक्षाने ठरवून दिलेल्या एकेका उमेदवाराला मते टाकून भरलेले ते सभागृह होते. वर्षानुवर्षे एकमताने हात वर करणारे तेच लोक त्या दिवशी जवळजवळ एकमतानेच मॉस्कोच्या विरुद्ध उभे राहिले. सोव्हिएत संघातील कोणत्याही प्रजासत्ताकाने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. लिथुएनिया आणि लाट्विया पुढल्या वर्षी त्याच वाटेने गेले, आणि १९९० मध्ये खुद्द रशियानेही आपल्या सार्वभौमत्वाची घोषणा केली.

मॉस्कोची प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे कडक होती. २६ नोव्हेंबरला सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाने या घोषणेवर बैठक घेतली. अध्यक्षस्थानी गोर्बाचोव्ह होते. र्‍यूतेल यांना आपल्या सभागृहाची बाजू तिथे मांडायची होती. घोषणा घटनाबाह्य असल्याचा ठराव झाला. र्‍यूतेल यांनी मात्र माघार घेतली नाही, सभागृहाचा निर्णय मागे घेण्याचे आश्वासन दिले नाही, आणि टालिनला परतल्यावर डिसेंबरात त्या सभागृहाने आपली घोषणा कायम असल्याचे पुन्हा नोंदवले. त्या बैठकीत त्यांनी नरमाईचे एखादे वाक्य जरी उच्चारले असते, तरी पुढचा सारा क्रम वेगळा झाला असता. जानेवारी १९८९ मध्ये एस्टोनियन भाषेला राज्यभाषेचा दर्जा देणारा कायदा, फेब्रुवारीत तूम्पेआ टेकडीवरच्या 'पिक हेर्मान' मनोऱ्यावर निळा-काळा-पांढरा ध्वज, नोव्हेंबरात १९४० च्या विलीनीकरणाला बेकायदा ठरवणारा ठराव, हे सर्व त्याच सभागृहाने एकामागून एक केले. १६ नोव्हेंबर हा दिवस एस्टोनियात आजही पुनर्जन्मदिन म्हणून पाळला जातो.

प्रश्न : स्वातंत्र्याची घोषणा १९९१ मध्ये झाली. त्या वेळी र्‍यूतेल यांची भूमिका काय होती? मॉस्कोने सैन्य पाठवले नव्हते का?

मार्च १९९० मध्ये प्रथमच खऱ्या अर्थाने स्पर्धा असलेल्या निवडणुकीतून नवे सभागृह आले आणि त्याने र्‍यूतेल यांनाच अध्यक्षपदी निवडले. मे महिन्यात 'सोव्हिएत समाजवादी' हे शब्द गाळून देशाचे नाव पुन्हा एस्टोनिया प्रजासत्ताक असे करण्यात आले. जानेवारी १९९१ मध्ये लिथुएनियाच्या व्हिल्नियसला सोव्हिएत सैन्याने रक्तपात केला, त्याच दिवशी रशियन प्रजासत्ताकाचे नेते येल्त्सिन टालिनला आले. एस्टोनिया आणि रशियन प्रजासत्ताक यांनी परस्परांचे सार्वभौमत्व मान्य करणारा जो करार त्या सुमारास झाला, त्यावर र्‍यूतेल आणि येल्त्सिन यांच्या स्वाक्षऱ्या आहेत. हा करार पुढे फार मोलाचा ठरला. मार्चमधील सार्वमतात ७८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. तिथे स्थायिक झालेल्या रशियन भाषकांनाही त्या सार्वमतात मत होते, हे विशेष.

१९ ऑगस्टला मॉस्कोत गोर्बाचोव्हविरोधी बंड झाले आणि रशियातील प्स्कोव्हकडून चिलखती वाहनांचा ताफा टालिनच्या दिशेने निघाला. घाई होती, पण अडचण मॉस्कोची एकट्याची नव्हती. एस्टोनियन स्वातंत्र्यवाद्यांतच दोन तट होते. एका बाजूला र्‍यूतेल अध्यक्ष असलेली सर्वोच्च परिषद, म्हणजे १९९० मध्ये निवडून आलेले सभागृह, तर दुसऱ्या बाजूला एस्टोनियाची काँग्रेस, म्हणजे १९४० पूर्वीच्या नागरिकांनी आणि त्यांच्या वारसांनी स्वतः नोंदणी करून निवडलेली समांतर संस्था. काँग्रेसचे म्हणणे असे की एस्टोनिया कधी कायद्याने संपलाच नाही, तेव्हा सोव्हिएत राजवटीत जन्मलेल्या परिषदेला 'नवे' राज्य घोषित करण्याचा अधिकार कुठला? २० ऑगस्टचा सबंध दिवस आणि संध्याकाळ या दोन्ही बाजूंच्या वाटाघाटींत गेली. अखेर मसुदा असा ठरला की हे नवे राज्य नसून जुन्याच प्रजासत्ताकाचे पुनःस्थापन आहे, आणि राज्यघटना लिहिण्यासाठी दोन्ही संस्थांचे प्रत्येकी ३० सदस्य असलेली सभा नेमली जाईल. रात्री अकरा वाजून गेल्यावर ६९ मतांनी ठराव संमत झाला. मतदानाचा निकाल जाहीर करून हातोडा आपटला तो सभापती यूलो नुगिस यांनी. त्यामुळे छायाचित्रांत तेच अधिक दिसतात. ठरावाखाली अध्यक्ष म्हणून नाव आहे ते र्‍यूतेल यांचे.

दुसऱ्या दिवशी सैनिकांनी टालिनच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला, परंतु तोवर मॉस्कोतले बंड कोसळले होते. येल्त्सिन यांनी २४ ऑगस्टला आणि सोव्हिएत संघाने ६ सप्टेंबरला एस्टोनियाचे स्वातंत्र्य मान्य केले. १७ सप्टेंबरला देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

प्रश्न : १९९२ च्या निवडणुकीत लोकांची सर्वाधिक मते मिळूनही ते हरले, असे वाचले. हे कसे?

बरोबर वाचले. नव्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाची निवड संसद, म्हणजे रीगिकोगू, करते. पण पहिल्या निवडणुकीपुरती खास तरतूद होती. आधी लोकांनी थेट मतदान करावे, कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांपैकी एकाची निवड संसदेने करावी. २० सप्टेंबर १९९२ रोजी र्‍यूतेल यांना सुमारे ४२ टक्के, लेनार्ट मेरी यांना सुमारे ३० टक्के, अमेरिकेतून आलेले राज्यशास्त्रज्ञ राइन तागेपेरा यांना २३ टक्के, तर माजी राजकीय कैदी लाग्ले पारेक यांना अवघी ४ टक्के मते मिळाली. त्याच दिवशी संसदेचीही निवडणूक झाली आणि मार्त लार यांच्या पितृभूमी आघाडीने इतर दोन गटांसह बहुमत जमवले. सोव्हिएत काळाशी पूर्ण काडीमोड हेच त्यांचे उद्दिष्ट होते. ५ ऑक्टोबरला संसदेने मेरी यांना ५९, तर र्‍यूतेल यांना ३१ मते दिली.

यात कायद्याचा भंग कुठेही झाला नव्हता. तरीही पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला बाजूला सारले गेल्याची सल खेड्यापाड्यांतील मतदारांना दीर्घकाळ राहिली, आणि ती समजण्यासारखी आहे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. र्‍यूतेल यांची मते रशियन भाषकांची होती, असा समज अधूनमधून वाचनात येतो. तो चुकीचा आहे. १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच त्या वेळी आपोआप नागरिकत्व होते, आणि सोव्हिएत काळात येऊन राहिलेल्या बहुसंख्य लोकांना मतदानाचा हक्क नव्हता. र्‍यूतेल यांना मत देणारे प्रामुख्याने एस्टोनियनच होते.

मेरी आणि र्‍यूतेल यांच्या वयांत एका वर्षाचेही अंतर नव्हते, पण आयुष्ये दोन टोकांची होती. मेरी राजनैतिक अधिकाऱ्याचे चिरंजीव. बालपण पॅरिस-बर्लिनमध्ये गेले, आणि १९४१ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी कुटुंबासह त्यांना हद्दपार व्हावे लागले. पुढे ते लेखक आणि चित्रपटकार झाले. पाश्चात्त्य राजधान्यांत सहज वावरू शकणारा, अनेक भाषा बोलणारा असा माणूस त्या घडीला देशाला हवा होता, हा लार यांच्या बाजूचा युक्तिवाद आम्हांला पटतो. १९९६ मध्येही या दोघांतच लढत झाली. संसदेत कोणालाच दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत, म्हणून निवड मोठ्या निवडमंडळाकडे गेली आणि तिथे मेरी १९६ विरुद्ध १२६ मतांनी जिंकले.

प्रश्न : त्यांना संधिसाधू म्हणावे का?

हा प्रश्न तीन पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत आला आहे. ज्या घरांतली माणसे सायबेरियात मेली, त्या घरांनी कम्युनिस्ट पक्षाच्या उच्चपदस्थावर कधीच विश्वास ठेवला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. र्‍यूतेल यांनी पंचवीसहून अधिक वर्षे त्या पक्षाचे सभासदत्व सांभाळले आणि त्याच्या शिड्या चढल्या, ही वस्तुस्थिती आहे. मात्र संधिसाधू माणूस वारे कोठे वाहते ते पाहून वळतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये वारे कोठे वाहते हे कोणालाच माहीत नव्हते. सोव्हिएत संघ तीन वर्षांत नाहीसा होईल असे भाकीत तेव्हा कोणी गंभीरपणे करीत नव्हते, आणि मॉस्कोला नकार देणाऱ्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचे काय होऊ शकते याची उदाहरणे सर्वांपुढे होती. म्हणून हे विशेषण त्यांना लावणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : दोनदा हरलेला त्र्याहत्तर वर्षांचा उमेदवार २००१ मध्ये कसा जिंकला?

याचे उत्तर निवडमंडळाच्या रचनेत आहे. संसदेत १०१ पैकी ६८ मते कोणालाच मिळाली नाहीत, तर खासदारांबरोबर सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी टालिनच्या एस्टोनिया संगीत सभागृहात जमून मतदान करतात. छोट्या ग्रामपालिकांचाही किमान एक प्रतिनिधी असतो, त्यामुळे तिथे ग्रामीण भागाचे वजन वाढते. र्‍यूतेल यांनी १९९४ पासून ग्रामीण लोकांच्या पक्षाचे नेतृत्व केले होते. हाच पक्ष पुढे एस्टोनियन जनसंघ या नावाने ओळखला जाऊ लागला. गावोगावचे प्रतिनिधी त्यांना व्यक्तिशः ओळखत होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. नव्वदच्या दशकातील सुधारणांनी टालिनला झळाळी आली, पण सामूहिक शेतीसंस्था विसर्जित झाल्या, आयातीवर जकात जवळपास नव्हती, स्वस्त परदेशी मालापुढे स्थानिक दूध-मांस टिकेना, आणि अनेक गावांत काम उरले नाही. २००१ च्या वसंतात समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने 'दोन एस्टोनिया' निर्माण होत असल्याचा जाहीर इशारा दिला होता. दुसऱ्या एस्टोनियाला आपला माणूस हवा होता. २१ सप्टेंबर २००१ रोजी अखेरच्या फेरीत र्‍यूतेल यांना १८६, तर संसदेचे तत्कालीन सभापती तोमास सावी यांना १५५ मते मिळाली.

टालिनच्या वृत्तपत्रांत तेव्हा चिंतेचा सूर होता. माजी कम्युनिस्ट राष्ट्राध्यक्ष झाल्याने नाटो आणि युरोपीय संघाचे दार बंद होईल, असे अनेकांना वाटले. घडले उलटेच. एप्रिल २००३ मध्ये अथेन्समध्ये युरोपीय संघाच्या प्रवेशकरारावर त्यांनी देशाच्या वतीने स्वाक्षरी केली, सप्टेंबरच्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के लोकांनी होकार दिला, आणि २००४ मध्ये मार्चअखेर नाटोचे, तर १ मे रोजी युरोपीय संघाचे सभासदत्व मिळाले. संघाविषयी सर्वांत साशंक होता तो शेतकरी वर्ग, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी र्‍यूतेल यांच्याइतका विश्वासाचा माणूस सरकारकडे दुसरा नव्हता. मे २००५ मध्ये युद्धविजयाच्या साठाव्या वर्धापनदिनाचे मॉस्कोचे निमंत्रण त्यांनी नाकारले. लिथुएनियाच्या राष्ट्राध्यक्षांनीही तसेच केले, तर लाट्वियाच्या राष्ट्राध्यक्ष मात्र गेल्या. सोव्हिएत सैन्यात नोकरी केलेल्या माणसाने हा नकार दिला, हे विशेष.

प्रश्न : नंतर काय झाले?

२००६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, पण संसदेतील फेऱ्यांत नाही, थेट निवडमंडळातच उतरणार अशी अट घालून. त्यांच्या समर्थक पक्षांनी संसदेतील मतदानावर बहिष्कार टाकला. ही खेळी नियमात बसत होती, तरी ती त्यांना शोभली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सबंध आयुष्य ज्याने सभागृहाचा मान राखला, त्याने संसदेला वळसा घालायला नको होता. २३ सप्टेंबरला तोमास हेन्रिक इल्वेस १७४ विरुद्ध १६२ मतांनी निवडून आले आणि र्‍यूतेल यांची सक्रिय कारकीर्द संपली. त्यांचा जनसंघही पुढे क्षीण होत गेला आणि २०१२ मध्ये दुसऱ्या एका गटाशी मिळून एस्टोनियन पुराणमतवादी जनपक्ष या उजव्या, राष्ट्रवादी पक्षात रूपांतरित झाला.

त्यांच्या पत्नी इंग्रिड र्‍यूतेल या लोकगीतांच्या नामवंत अभ्यासक. पारंपरिक एस्टोनियन ओव्यांसारख्या गीतांच्या संकलनात त्यांचे काम मोठे आहे आणि त्याविषयी स्वतंत्र लेख द्यावा, ही एका वाचकाची सूचना आम्ही स्वीकारत आहोत. आर्नोल्ड र्‍यूतेल यांचे ३१ डिसेंबर २०२४ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले.